एरंडोलच्या बांधावरचा एरंड

पावसाळा सरता सरता एरंडोल तालुक्यात जिकडे पाहावे तिकडे एरंड माजलेला दिसतो. अंजनी नदीच्या काठाला, पद्मालयाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या नाल्यांत, उकिरड्याशेजारी, पडक्या भिंतींच्या आडोशाला. त्याला कोणी लावलेले नसते, कोणी पाणी घातलेले नसते. गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. तांबूस दांडा, मोठाली कातरलेली पाने आणि शेंड्याकडे मऊ काट्यांच्या बोंडांचा घोस. ओसाड गावी एरंड बळी, ही म्हण आपण नाक मुरडून वापरतो. मला ती एरंडावर अन्याय करणारी वाटते. या झाडाचा पाला, मूळ, तेल, पेंड सगळे माणसाने कामाला लावले. त्यातला विषारी भाग कोणता आणि तो बाजूला कसा काढायचा, हे आधी बाजेवर बसून बी निवडणाऱ्या बायांना कळले. प्रयोगशाळांना कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

गावाच्या नावातच एरंड आहे, तेव्हा त्याचाही निकाल लावून टाकू. समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखात दक्षिणापथातल्या जिंकलेल्या राजांची यादी आहे. हरिषेणाने रचलेल्या त्या प्रशस्तीत एरंडपल्लाचा राजा दमन येतो. शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी एरंडपल्ल म्हणजे खानदेशातले एरंडोल असे सुचवले आणि बरीच वर्षे ते चालले. पुढच्या अभ्यासकांनी मात्र यादीतल्या शेजारच्या राज्यांकडे बोट दाखवले. ती पूर्व किनाऱ्याच्या बाजूची आहेत, म्हणून एरंडपल्लही कलिंगाच्या आसपास असावे, हे मत आज अधिक मानले जाते. मलाही तेच पटते. एरंडोलला मोठेपणासाठी समुद्रगुप्ताची गरज नाही. जुन्या गॅझेटियरमध्ये हे गाव हातकागदासाठी नावाजलेले होते अशी नोंद आहे, ती मला जास्त मोलाची वाटते.

आता एरंडेल काढण्याची घरगुती रीत नीट पाहू, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. घोस तपकिरी पडू लागले की ते अख्खे कापून अंगणात वाळत घालतात. उन्हाने बोंडे तडकतात आणि बी लांब उडते, म्हणून वरून जुने लुगडे अंथरतात. बी हातात घेतले तर गुळगुळीत, करड्या-तपकिरी नक्षीचे, टोकाला छोटासा गड्डा असलेले. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडासारखे ते दिसते. लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला ‘रिसिनस’ हे नाव दिले तेही याच साम्यावरून, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गोचीडच.

हे बी लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. टरफलाला चीर गेली आणि तेलकट वास सुटला की उतरवायचे. उखळात कुटून त्याचा लगदा करायचा. मोठ्या पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणायची, त्यात लगदा सोडायचा आणि ढवळत राहायचे. हळूहळू वर पिवळसर तवंग जमू लागतो. तो पळीने अलगद निपटून दुसऱ्या भांड्यात घ्यायचा. पळी खाली जाऊन चोथा वर आला तर तेल गढूळ होते, म्हणून या कामाला जुना हात लागतो. निपटलेले तेल पुन्हा चुलीवर ठेवायचे. ते तडतडते, कारण अजून त्यात पाणी असते. तडतड पूर्ण थांबली, फेस विरला, की तेल झाले. खाली राहिलेला चोथा आणि पाणी गुराढोरांच्या, कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणी खड्ड्यात पुरायचे.

या रीतीचा उलगडा १८८८ मध्ये सुरू झाला. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या आणि आता इस्टोनियात असलेल्या दोर्पात विद्यापीठात पीटर हर्मन स्टिलमार्क या विद्यार्थ्याने एरंडाच्या बियांतून एक विषारी प्रथिन वेगळे केले. त्याला रायसिन असे नाव मिळाले. हे प्रथिन पाण्यात विरघळते, तेलात नाही. उकळत्या पाण्यात ते मोडते आणि निकामी होते. म्हणजे घरच्या चुलीवर दुहेरी बंदोबस्त होत होता. तेल वर तरंगून विषापासून वेगळे होत होते आणि मागे राहिलेले विष उकळून मरत होते. थेट दाबून तेल काढणाऱ्या गिरणीतही रायसिन पेंडीतच मागे राहते, पण तिथे उष्णता पुरेशी दिली नाही तर ती पेंड विषारीच राहते. तिला उग्र वास नसतो, कडू चव नसते. म्हणूनच खत म्हणून टाकलेली एरंडीची पेंड खाऊन कुत्री दगावतात.

रायसिन पेशीत शिरून काय करते हेही कळले, पण फार उशिरा. १९८७ मध्ये जपानी संशोधक एंडो आणि त्सुरुगी यांनी दाखवले की पेशीत प्रथिने घडवणारे जे यंत्र असते, त्या रायबोसोममधल्या एका ठरावीक जागेवरून ते एक छोटा तुकडा कापून टाकते. रायसिनचा एक रेणू असे हजारो रायबोसोम बाद करतो. पेशी प्रथिने घडवू शकत नाही आणि मरते. त्याच्या कितीतरी आधी, १८९१ मध्ये, पाउल एर्लिख यांनी उंदरांना रायसिन आणि गुंजेतले अॅब्रिन अगदी थोडे थोडे देत नेले आणि उंदरांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकार तयार होतो हे दाखवून दिले. प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या प्रयोगांत आपल्या बांधावरचा एरंड आणि कुंपणावरची गुंज दोन्ही होती. विष म्हणून एरंडाची जगभर चर्चा झाली ती १९७८ मध्ये. बल्गेरियाचे परागंदा लेखक जॉर्जी मार्कोव्ह यांना लंडनच्या वॉटर्लू पुलावर कोणीतरी पायात बारीक गोळी टोचली आणि चार दिवसांनी ते गेले. त्या गोळीत रायसिनच असावे, असा तपासातला निष्कर्ष होता.

इतके भयंकर बी ज्या झाडाचे, तेच झाड चरकसंहितेत मानाच्या जागी बसले आहे. त्या त्या कामात श्रेष्ठ ठरणाऱ्या द्रव्यांची एक यादी सूत्रस्थानात आहे, तिच्यात वात हरणारे म्हणून एरंडाचे मूळ येते. बी नव्हे, मूळ. हा नेमकेपणा लक्षात घेण्याजोगा आहे. पुढच्या ग्रंथांत आमवातावर एरंडेल हे मुख्य औषध झाले. महाराष्ट्रात आजही वैद्य सुंठीच्या काढ्यातून एरंडेल देतात, कणकेला एरंडेलाचे मोहन घालून पोळी खायला सांगतात. एरंडेलात परतलेल्या हिरड्याचे चूर्ण गंधर्व हरीतकी या नावाने औषधाच्या दुकानात मिळते. जुन्या ग्रंथांत सोललेले बी दुधात शिजवून देण्याचाही पाठ आहे. तो घरी करून पाहू नये, हे मी स्पष्ट लिहितो. वैद्याला प्रमाण, शोधन आणि शिजवण्याची मर्यादा माहीत असते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चार ओळींत यातले काहीही नसते.

घरगुती उपयोगांत सर्वांत निर्धोक तो पानाचा. सुजलेल्या गुडघ्यावर तेल लावायचे, तव्यावर कोमट केलेले पान त्यावर पालथे घालायचे आणि फडक्याने बांधायचे. रात्रभर ऊब टिकते, आखडलेला सांधा सैल झाल्यासारखा वाटतो. कावीळ झाली की पानांचा रस दुधातून पिण्याचा उपायही गावोगाव चालतो. त्याबद्दल माझे मत वेगळे आहे. काविळीमागे यकृताचे दुखणे असते, पित्तनलिकेत अडकलेला खडा असू शकतो, आणि रसाच्या भरवशावर घालवलेला आठवडा महागात पडतो.

महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी कोऱ्या चहातून एरंडेल घ्यायचे आणि दिवसभर मऊ भात खायचा, ही शिस्त आजच्या साठी-सत्तरीतल्या कित्येकांनी लहानपणी भोगली आहे. पोट साफ होते हे सगळ्यांना ठाऊक होते, पण ते कसे होते याचे उत्तर २०१२ पर्यंत कोणाजवळ नव्हते. एरंडेलात जवळजवळ नव्वद टक्के रिसिनोलिक आम्ल असते. आतड्यात तेल पचताना ते मोकळे होते. जर्मनीतल्या स्टेफान ऑफरमान्स यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग करून दाखवले की हे आम्ल प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या निरोप्या रसायनाच्या ‘ईपी-३’ या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या रेणूला, जाऊन भिडते आणि आतड्याचे स्नायू आकुंचन पावतात. ज्या उंदरांत ती ग्राही नव्हती, त्यांच्यावर एरंडेलाचा काही परिणाम झाला नाही. याच अभ्यासात गर्भाशयाचे स्नायूही त्याच वाटेने आकुंचन पावतात असे दिसले. दिवस भरले की गर्भारणीला एरंडेल पाजण्याची सुइणींची जुनी चाल इथे उलगडते. गरोदर बाईने आपल्या मनाने एरंडेल का घेऊ नये, त्याचेही उत्तर याच प्रयोगात आहे. तान्ह्या बाळाला चाटवण्याची प्रथा तर बंदच व्हायला हवी. घट्ट तेल श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसाला सूज येते, आणि बाळाला ठसका लागला की ते उतरायला वेळ लागत नाही.

एका गोंधळाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. खानदेशात शेताच्या आणि शाळेच्या कुंपणाला जे मोगली एरंड लावतात, ते या एरंडाचे सख्खे भावंड नाही, दूरचे नातलग आहे. त्याला चंद्रज्योत, रतनज्योत असेही म्हणतात. त्याची पाने जेमतेम कातरलेली, फळ बिनकाट्याचे, बी काळपट आणि चवीला बरे लागते. या चवीमुळेच शाळकरी मुले ते शेंगदाण्यासारखे खातात आणि उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात दाखल होतात. महाराष्ट्रात अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. दोन्ही झाडांच्या विषांत एक मोठा फरक आहे. एरंडाचे मुख्य विष तेलात उतरत नाही, मोगली एरंडाचे उतरते. त्यातले फोर्बॉल एस्टर तेलातच विरघळतात आणि उकळून जात नाहीत. त्यामुळे एरंडेल काढण्याच्या रीतीने मोगली एरंडाचे तेल काढले तर ते पोटात घेण्याजोगे मुळीच होत नाही. २००३ नंतर जैवइंधनासाठी या झाडाची देशभर लागवड झाली, त्याचे तेल दिव्याला आणि इंजिनाला चालते. पोटाला चालत नाही. मुलांनी दोन्हीपैकी कोणतेही बी चावले असेल तर लिंबू-ताकाचे प्रयोग करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. एरंडाच्या विषावर उतारा नाही आणि लक्षणे दिसायला काही तास जातात. उरलेले बी सोबत नेले तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

औषधापलीकडे एरंडेलाने माणसाची गाडी शब्दशः चालवली. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून तेच, चामड्याची मोट मऊ राहावी म्हणून तेच, आणि रॉकेल येण्याआधी दिव्यातही तेच, कारण ते सावकाश जळते. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. त्या काळी भारतातल्या रेल्वेगाड्यांच्या दिव्यांत आणि आसांत एरंडेल वापरले जात होते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांना वंगण एरंडेलाचेच असे, कारण पेट्रोलने ते धुऊन निघत नसे. कॅस्ट्रॉल हे वंगणाचे नाव त्याच तेलावरून पडले. साबण, रंग, नायलॉनचा एक प्रकार, गजकर्णावर लावायचे मलम, इतकेच नव्हे तर पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध शिरेत देण्यासाठी जे माध्यम लागले, तेही एरंडेलापासून केलेले.

आज जगातला बहुतेक एरंड भारतात पिकतो आणि भारतातला बहुतेक गुजरातेत. एरंडाचे व्यापारी लागवडीसाठीचे जगातले पहिले संकरित वाण, जीसीएच-३, गुजरातनेच १९६८ मध्ये दिले. तापीच्या खोऱ्यातून खाली उतरले की तोच मुलूख लागतो. हवामान फार निराळे नाही. खानदेशाने मात्र काळ्या जमिनीत कपाशी धरली, पाण्याच्या सोयीने केळी धरली, आणि एरंड बांधावर आला.

बांधावर तो रिकामा बसलेला नाही. कपाशीच्या कडेने एरंडाची ओळ लावावी, असे कृषी खाते आणि विद्यापीठे सांगतात. स्पोडोप्टेरा या पतंगाच्या मादीला अंडी घालायला कपाशीपेक्षा एरंडाचे रुंद पान अधिक पसंत पडते. पानाच्या खालच्या बाजूला ती शेकडो अंड्यांचा पुंजका घालते आणि आपल्या अंगावरच्या बदामी केसांनी तो झाकते. पान उलटून पाहिले तर करंगळीच्या नखाएवढा लोकरीसारखा डाग दिसतो. अंडी फुटली की बारीक अळ्या तिथेच घोळक्याने पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि पान जाळीदार होते. तेवढे पान खुडून नष्ट केले की एका हाताने सगळी पिलावळ संपते, फवारणीचा खर्च वाचतो. पण त्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी बांधावरून फेरी मारावी लागते आणि पाने उलटून पाहावी लागतात. ओळ लावून शेतकरी घरी बसला, तर अळ्या एरंडावरच पोसतात, मोठ्या होतात आणि शेजारच्या कपाशीत उतरतात.