विश्लेषण : अटकेची कारणे लेखी देणे पोलिसांना बंधनकारक का?

पोलीस ठाण्यातून फोन येतो, 'तुमच्या मुलाला अटक केली आहे.' कशासाठी, असे विचारल्यावर उत्तर मिळते, 'उद्या कोर्टात कळेल.' हे उत्तर आता चालत नाही. जुलै २०२४ मधील वरळीच्या हिट अँड रन प्रकरणातून पुढे आलेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल दिला. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीला लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतील.

तोंडी सांगितले तर काय बिघडते?

राज्यघटनेच्या कलम २२ नुसार अटक झालेल्याला कारणे कळवावी लागतात, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. आरोप नेमका काय हेच ठाऊक नसेल, तर वकील कोठडीला विरोध कशाच्या आधारे करणार? म्हणून, अटकेच्या वेळी लेखी देणे शक्यच नसेल तर आधी तोंडी सांगता येते. पण कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास कागद हाती पडलाच पाहिजे.

'तपासासाठी आवश्यक', 'पुरावा नष्ट होऊ नये म्हणून' अशी छापील वाक्ये त्यासाठी पुरेशी नाहीत. ती कोणत्याही आरोपीला लावता येतात. या माणसाने काय केल्याचा आरोप आहे ते लिहावे लागते, हे प्रबीर पुरकायस्थ प्रकरणातील २०२४ च्या निकालाने स्पष्ट केले.

कागद दिलाच नाही तर?

अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा ठरतात, आरोपीची सुटका होते. 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला' अशी बातमी वाचून राग येतो तो इथेच. पण खटला संपत नाही. लेखी कारणे देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.

भाषेचा आग्रह कशासाठी?

प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे 'झोपडपट्टी दादा' कायद्यासारख्या कारवाईला, २४ तासांचा नियम लागू नाही. कारणे मात्र तिथेही द्यावी लागतात. १९६१ मध्ये नागपुरात एकाला अशी कारणे इंग्रजीत दिली गेली. त्याने हिंदी भाषांतर मागितले. पोलिसांनी तोंडी समजावले आहे, असे सांगून सरकारने नकार दिला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले.