चाळीस माणसं, तीनशे साठ बाटल्या

कुर्डुवाडीपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतो. तरी दिवाळी-नाताळची सुट्टी लागली की आपल्याकडून गणपतीपुळे, तारकर्लीला गाड्या भरून निघतात. चाळीस माणसांची एक बस धरा. तिकडच्या दमट हवेत माणशी रोज तीन लिटर पाणी लागतंच. तीन दिवसांच्या ३६० लिटर पाण्याला एक लिटरच्या ३६० बाटल्या होतात. तेच पाणी वीस लिटरच्या १८ जारांत मावतं. अशा हजार बस गेल्या तर बाटल्या होतात ३ लाख ६० हजार. एकीपुढे एक आडव्या मांडल्या तर कुर्डुवाडीपासूनची रांग सोलापूरपर्यंत पोचेल.

या बाटल्या किती टिकतात, तेही बघा. मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला १६६४ ते १६६७ या काळात उभा राहिला. त्याला साडेतीनशे वर्षं उलटून गेली. प्लास्टिकची बाटली समुद्रात विरायला साडेचारशे वर्षं लागतात, असा अंदाज आहे. शिवरायांच्या काळात कुणी ती टाकली असती, तर आजही ती पुरती विरली नसती. आणि विरते म्हणजे तरी काय? तिचे बारीक कण होतात आणि माशांच्या पोटात जातात.

त्याच मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत. दगडासारखा गोल वाढणारा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. त्यावर पाय देऊन फोटो काढायला एक क्षण लागतो. मोडलेला वीतभर तुकडा पुन्हा वाढायला वीसेक वर्षं जातात.

पण मला सगळ्यात जास्त हलवतो तो कासवांचा हिशेब. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांसोबत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात, बोटभरही लांब नसलेली, आणि तडक पाण्याकडे निघतात. हजारातलं एखादंच जगून मोठं होतं. म्हणजे आठ-दहा घरट्यांमागे एक कासव! वाळूत गाडी घातली की चाकाच्या चाकोरीत हे पिल्लू अडकतं, बाहेर येईपर्यंत कावळे आणि कुत्री गाठतात. मोबाइलचा किंवा हॉटेलचा दिवा दिसला की ते समुद्र सोडून उजेडाकडे वळतं. वाळूतून गाडी फिरवण्याच्या हौसेला मी तरी माफ करू शकत नाही.

समुद्रावर न जाणाराही या जबाबदारीतून सुटत नाही. आपला माढा तालुका भीमा आणि सीना यांच्या मधला. ओढ्यात फेकलेली पिशवी सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जाऊ शकते.

यंदा निघताना बसमध्ये पाण्याचे जार चढवा, प्रत्येकाच्या हातात स्टीलची बाटली द्या. किनाऱ्यावरच्या छोट्या ग्रामपंचायतींवर आपल्या कचऱ्याचा भार टाकू नका. तो पोत्यात भरून परत आणा आणि इथल्या घंटागाडीत द्या.