पासवर्ड ११११ आणि गावाचे पाणी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील अलिक्विपा या छोट्या शहराच्या पाणीपुरवठा यंत्रणेत २५ नोव्हेंबर २०२३ रोजी धोक्याचा इशारा वाजला. पाण्याचा दाब राखणाऱ्या एका पंपिंग स्टेशनमधील उपकरणाच्या पडद्यावर इस्रायलविरोधी मजकूर झळकत होता. उपकरण इस्रायली कंपनीचे होते. कर्मचाऱ्यांनी स्वयंचलित यंत्रणा बंद केली आणि पंप हाताने चालवायला घेतले. पाणी थांबले नाही, दूषितही झाले नाही.

या हल्ल्यामागे इराणच्या रिव्होल्युशनरी गार्ड्सशी संबंधित गट असल्याचे अमेरिकी सरकारने नंतर जाहीर केले. या गटाने लक्ष्य केलेली उपकरणे थेट इंटरनेटला जोडलेली होती. त्यांचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड होता ‘११११’. अनेक ठिकाणी तो बदललेला नव्हता, काही ठिकाणी पासवर्डच नव्हता. त्याच सुमारास आयर्लंडच्या मेयो परगण्यात अशाच हल्ल्यामुळे सुमारे १८० घरांचे पाणी दोन दिवस बंद राहिले.

हल्ला झालेल्या या उपकरणाला ‘पीएलसी’ म्हणतात. कारखान्यात किंवा जलशुद्धीकरण केंद्रात बसवलेला हा छोटा, दणकट संगणक. टाकीची पातळी, पाण्याचा दाब यांची नोंद सेन्सरकडून घ्यायची आणि त्यानुसार पंप चालू-बंद करायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, क्लोरीनची मात्रा ठरवायची, हे त्याचे काम. असे अनेक पीएलसी एका नियंत्रण कक्षातून पाहण्याच्या आणि चालवण्याच्या व्यवस्थेला ‘स्काडा’ म्हणतात.

या यंत्रणांची रचना इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या आधीची आहे. उपकरणांनी आपसात बोलण्यासाठी आजही वापरली जाणारी ‘मॉडबस’ ही पद्धत १९७९ ची. तेव्हा तारा कारखान्याच्या भिंतींच्या आतच असत. त्यामुळे आदेश आला की तो पाळायचा, एवढेच तिला ठाऊक. आदेश कोणी दिला, हे विचारण्याची सोय मूळ मॉडबसमध्ये नाही. पुढे मनुष्यबळ कमी झाले, अभियंत्याला घरबसल्या पंप पाहता यावा, पुरवठादाराला दुरून दुरुस्ती करता यावी, म्हणून हीच उपकरणे इंटरनेटला जोडली गेली. ती शोधायला आता विशेष कौशल्यही लागत नाही. ‘शोडान’सारखे सर्च इंजिन इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांचीच यादी देते.

कार्यालयातील संगणक अपडेटसाठी दहा मिनिटे बंद ठेवता येतो. शहराचे जलशुद्धीकरण केंद्र तसे बंद ठेवता येत नाही. शिवाय ही उपकरणे पंधरा-वीस वर्षे सहज चालतात. त्यामुळे जुने दोष वर्षानुवर्षे तसेच राहतात.

धोका किती, याची कल्पना फ्लोरिडातील ओल्ड्समार शहराच्या घटनेवरून येते. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील केंद्रात पाण्यात मिसळायच्या कॉस्टिक सोड्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० वरून थेट ११,१०० केले गेले. अल्प प्रमाणात हा पदार्थ पाण्याची आम्लता कमी करतो, जास्त झाला तर त्वचा आणि अन्ननलिका भाजतात. पडद्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याने आकडा लगेच पूर्ववत केला. हा बाहेरून झालेला हल्ला होता याची खात्री एफबीआयला पुढे करता आली नाही. ती कर्मचाऱ्याचीच चूक असावी, असे शहराच्या माजी व्यवस्थापकाने सांगितले. मात्र दुरून जोडणी घेण्यासाठी तेथील सर्व संगणकांना एकच पासवर्ड होता.

युक्रेनमध्ये अशी शंका उरली नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी तीन वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांवर हल्लेखोरांनी ताबा मिळवला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात गेले. सुरुवात कित्येक महिने आधी कार्यालयात आलेल्या फसव्या ईमेलने झाली होती. वीज परत आली ती कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन स्विच हाताने बसवल्यामुळे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या, तेव्हाही हा प्रश्न उभा राहिला. राज्याच्या सायबर विभागाने घातपाताचा संशय व्यक्त केला, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले.

उपाय मात्र फारसे खर्चिक नाहीत. नियंत्रण उपकरणे थेट इंटरनेटवर ठेवू नयेत. दुरून जोडणी हवीच असेल, तर ती व्हीपीएन आणि दुहेरी ओळख पडताळणीतूनच द्यावी. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. कार्यालयाचे नेटवर्क यंत्रांच्या नेटवर्कपासून वेगळे असावे. रसायन सोडणाऱ्या पंपाची क्षमताच अशी मर्यादित ठेवावी, की संगणकाने चुकीचा आदेश दिला तरी घातक मात्रा पडणार नाही. आणि यंत्रणा हाताने चालवण्याचा सराव सुटू देऊ नये.

नगरपालिका किंवा ग्रामपंचायत ‘स्मार्ट’ पाणीपुरवठ्याची निविदा काढते, तेव्हा पंप आणि मीटरच्या किमतींबरोबर या गोष्टीही तपासायला हव्यात. यंत्रणेचा पासवर्ड कोणाकोणाकडे असेल आणि ती बंद पडल्यास हाताने कोण चालवेल, याचे उत्तर कंत्राटातच लिहिलेले असले पाहिजे.