स्थानकांवरील ठळक अक्षरें

अंधेरी किंवा बोरीवली स्थानकांत गाडी शिरली कीं पिवळ्या पाटीवरचें तें काळें, जाडजूड नांव आपण वाचतों म्हणण्यापेक्षां ओळखतों म्हणणेंच खरें. धांवत्या गाडींतून तें क्षणांत पटावें म्हणून रंगारी चपटा कुंचला तिरका धरून भरघोस रेघ ओढीत. त्यांचीं नांवें पाटीवर कधींच नव्हतीं. आणि आतां छापील पाट्यांपुढें त्यांचा हातही मागें पडत चालला आहे.

मुंबईच्या लोकल स्थानकांवरील ह्याच हातरंगी अक्षरांवरून कॅथरीन ली श्मिट ह्या बाईंनीं इ. स. २०१४ च्या सुमारास 'यात्रा' हा संगणकाचा ठळक टाइप घडविला. तो कोणासही विनामूल्य वापरतां येतो. एरवीं रोमन लिपीच्या मापानें आमची देवनागरी बेतली जाते. येथें देवनागरीचें वळण मूळ धरून रोमन अक्षरें तिच्याशीं जुळविलीं आहेत, ह्याचें आम्हांस विशेष कौतुक वाटलें.

मात्र असा टाइप मथळ्याचा, मजकुराचा नव्हे. रेघ जाडावली कीं अक्षराच्या पोटांतील मोकळी जागा आक्रसते. 'क्ष', 'ष्ठ' ह्यांचा तर काळा गोळाच होतो. आमच्या पुतण्यानें मुंजीची सबंध निमंत्रणपत्रिका अशाच एका जाड टाइपांत जुळविली. मथळा देखणा दिसला, पण मातोश्रींनीं चष्मा दोनदां पुसून विचारलें, "अरे, मुहूर्त ९ चा कीं १ चा?" त्याच रात्रीं मथळा तसाच ठेवून खालचा मजकूर बारीक अक्षरांत पुन्हां जुळविण्यांत आला.