विश्लेषण : जुन्या गाडीचा शॉकअप ओळखायचा कसा? तो दुरुस्त होतो का?

मॉरिस मायनरसारख्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ तेल गळू लागले की नव्या पिढीचा मेकॅनिक आधी शॉकअप शोधतो आणि तो त्याला सापडत नाही. आजच्या गाड्यांतला नळीसारखा उभा शॉकअप तिथे नसतोच. असतो तो ओतीव धातूचा एक ठोकळा आणि त्यातून बाहेर आलेली दांडी. ओळख पटली नाही तर हा ठोकळा भंगारात जातो आणि त्याच्या जोडीचा दुसरा मिळता मिळत नाही.

शॉकअपचे काम काय?

नाव फसवे आहे. खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग किंवा पाटा. शॉकअप फक्त त्यानंतरचे झुलणे थांबवतो. बारीक छिद्रातून तेल ढकलले जाते आणि हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

प्रकार कसा ओळखायचा?

फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला कारखान्यातून शॉकअप मिळतच नसे. त्या काळात बाजारात मिळणारा हार्टफर्डचा शॉकअप घर्षणावर चालत असे. कात्रीसारखे दोन हात, मध्ये चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्या आणि मधोमध आवळायचा बोल्ट. तेलाचा थेंबही नाही. 1927 ते 1931 दरम्यान बनलेल्या ‘मॉडेल ए’वर गोल डबीसारखा हूदाय शॉकअप आला. त्याच्या आत पाते फिरते. 1948 मध्ये आलेल्या मॉरिस मायनरवर आर्मस्ट्राँगचा लिव्हर आर्म शॉकअप असतो. त्याच्या ठोकळ्यात पिस्टन असतात, वर स्क्रूने बसवलेले झाकण आणि तेल भरायचा प्लग. नळीचा टेलिस्कोपिक प्रकार सर्रास झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

ठोकळ्यावरचा ठसा घासून पाहावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. इतक्या वर्षांत कुणी दांडी बदललेली असू शकते. दांडीची लांबी, बोल्टच्या छिद्रांमधले अंतर आणि डावा-उजवा, हे जुळवूनच सुटा भाग घ्यावा.

बिघाड कसा कळतो?

जोडणी सोडवून दांडी हाताने वर-खाली करावी. दोन्हीकडे पूर्ण पल्ल्यात सलग विरोध जाणवला तर शॉकअप ठीक. मध्येच दांडी सैल पडली तर तेल कमी आहे किंवा हवा शिरली आहे. काहीच विरोध नसेल तर तेल संपले असेल किंवा व्हॉल्व्ह गेला असेल.

मात्र मायनरच्या पुढच्या बाजूला ही तपासणी करताना जिवाशी खेळ नको. तिथे शॉकअपची दांडी हीच सस्पेन्शनची वरची आर्म आहे. खालच्या आर्मखाली जॅक न लावता वरचा जोड सोडला तर पीळ दिलेला टॉर्शन बार आर्मला जोरात खाली फेकतो. याच कारणामुळे इथला स्पिंडल झिजला की केवळ गाडी उड्या मारत नाही, चाकाचा कोनही बिघडतो.

दुरुस्ती कशी होते?

गळती बहुधा स्पिंडलपाशी असते. सील कडक झालेले असते, बुश झिजलेले असते. नुसते सील बदलले तर काही दिवसांत पुन्हा गळते, कारण स्पिंडल आत हलतच राहतो. चांगला लेथवाला दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत मोठी करून नवे बुश बसवतो, मग आजच्या पद्धतीचे ऑइल सील. दांडी काढण्यापूर्वी स्प्लाइनवर खूण करणे विसरू नये. एक दाता सरकला तरी कोन चुकतो आणि शॉकअप आत टेकतो.

तेलाबाबत आपल्याकडे सर्वाधिक जुगाड चालते. गळती लपवण्यासाठी घट्ट गिअर ऑइल भरले की शॉकअप दगडासारखा होतो. ब्रेक ऑइल तर मुळीच नको. लिव्हर आर्मला साधारण 20 ग्रेडचे शॉकअपचे किंवा बाइकच्या फोर्कचे तेल चालते, हूदायला मुळात ग्लिसरिन असे. प्लग उघडण्याआधी भोवतीची माती पुसावी. ठोकळा उभा धरून दांडी पूर्ण वर-खाली करत हवा काढावी आणि मगच तो गाडीवर चढवावा.

टेलिस्कोपिक बसवला तर?

अनेक जण तेच करतात आणि गाडी चालतेही छान. पण त्यासाठी चासीला ब्रॅकेट वेल्ड करावे लागले तर थांबून विचार करावा. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेच्या व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी हवी आणि तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये आहे.