कमी चाललेली डिझेल गाडी

जुन्या आलिशान गाड्यांच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते: सिंगल ओनर, शोरूम मेन्टेन्ड, रनिंग फक्त ३५ हजार. आठ वर्षांची जर्मन सेडान आणि रनिंग एवढंच, म्हणजे गाडी जवळपास कोरीच, असा हिशोब घेणारा मनातल्या मनात करतो आणि त्यापायी लाख-दीड लाख जास्त मोजायलाही तयार होतो. पेट्रोल गाडीत हा हिशोब बराचसा जमतो. डिझेल गाडीत तो उलटा मांडावा, असं माझं मत आहे. आठ वर्षांत ३५ हजार म्हणजे दिवसाला सरासरी १२ किलोमीटर. मुंबईत एवढं अंतर म्हणजे दादरहून वांद्र्याला जाऊन येणं, आणि त्यातलाही निम्मा वेळ सिग्नलला उभं राहणं. इंजिन धड तापायच्या आत गाडी पुन्हा बंद. डिझेल इंजिनाला याहून वाईट दिनक्रम शोधून सापडणार नाही.

कारण असं, की डिझेल जळताना काजळी होते आणि ती हवेत जाऊ नये म्हणून एक्झॉस्टमध्ये सच्छिद्र सिरॅमिकचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसवलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर आपल्याकडच्या डिझेल मोटारींत तो जवळपास सगळीकडे आला. महागड्या युरोपीय गाड्यांपैकी काहींत तो त्याआधीही होता. हा फिल्टर भरत आला की गाडी तो आपणच साफ करते. इंजिन थोडं जादा डिझेल सोडतं, फिल्टरचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि साठलेली काजळी जळते. मात्र त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग आणि बऱ्या वेगाने चालावी लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हे चालवणाऱ्याच्या नकळत उरकतं. शहरात ते अर्धवट तुटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. दर खेपेला न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि तेच पातळ ऑइल टर्बोच्या बेअरिंगला पुरवलं जातं. तिकडे ईजीआर व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये काजळीचा चिकट थर चढत राहतो. यातलं काहीही किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही, उलट आकडा जितका लहान तितकी हे सगळं घडल्याची शक्यता मोठी.

म्हणून पाहणीची सुरुवात रंगापासून किंवा सनरूफपासून करू नये, मागून करावी. सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवावं. फिल्टर शाबूत असेल तर कित्येक वर्षांनंतरही ती आतून बऱ्यापैकी स्वच्छ निघते. मुळात फिल्टर असलेल्या गाडीत बोट काळंकुट्ट झालं तर तो फुटलेला आहे, नाहीतर कोणीतरी तो कापून पोकळ केलाय आणि सॉफ्टवेअरमधून त्याचा पत्ता काढून टाकलाय. पीयूसीचा कागद इथे उपयोगाचा नाही, कारण त्या चाचणीत धुराची दाटीच मोजली जाते. फिल्टर जागेवर आहे की नाही हे तिथे कोणी पाहत नाही. मग ऑइल. पातळी कमाल खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर वर सांगितलेली कथा तिथे घडून गेली आहे. पुष्कळ बीएमडब्ल्यू आणि ऑडी गाड्यांना डिपस्टिकच नसते, पातळी पडद्यावर दिसते. वास मात्र ऑइल भरायचं झाकण उघडल्यावरच कळतो. इंजिन चालू असताना त्याच झाकणातून धुराचे जोरदार भपकारे येत असतील तर गॅरेजवाले ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच, आणि तिथून सरळ घरी यावं.

गाडी थंड असताना पाहणं ही अट विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावी, आणि पोचल्यावर सर्वांत आधी बॉनेटला हात लावून पाहावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत यावं, कितीही अवघड वाटलं तरी. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी आणि ५२०डी या गाड्यांत आलेलं एन४७ हे दोन लिटरचं इंजिन टायमिंग चेनच्या तक्रारींसाठी जगभर बदनाम आहे, विशेषतः २००७ ते २०११ या काळात बनलेलं. चेन झिजली की थंड इंजिनातून घासल्यासारखा, खडखडणारा आवाज येतो. गरम इंजिनात तो दबू शकतो. ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, त्यामुळे सुटा भाग स्वस्त असला तरी तिथपर्यंत पोचायची मजुरी जबर. मर्सिडीजच्या ओएम६५१ इंजिनातही चेन मागेच आहे, आणि त्याच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजेक्टरनी त्रास दिला होता.

यावर सरळ आक्षेप असा, की दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी झिजलेली नसते का? असते. बुश, शॉकअब्सॉर्बर, इंजिन माउंटिंग, टर्बो, एअर सस्पेन्शन असेल तर त्याचे फुगे, सगळंच. पण ही झीज दिसते, ऐकू येते आणि तिची किंमत आधी काढता येते. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी ठेवल्यावर एका कोपऱ्यात बसली, की कोणता फुगा किंवा व्हॉल्व्ह गळतोय याचा अंदाज येतो आणि तेवढे पैसे भावातून कापता येतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही असं काही गाडी कंपन्या सांगत आल्या. पण बीएमडब्ल्यूत वापरला जाणारा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. ज्याच्या फाइलमध्ये या कामाचं बिल आहे, तो मालक गाडी समजून वापरणारा होता. पस्तीस हजारवाल्याकडे ते बिल नसतं, आणि असायचं कारणही नसतं.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: मीटर मागे घेतात, तेव्हा जास्त रनिंग तरी खरं कशावरून? म्हणूनच मी पडद्यावरच्या आकड्याला एकटं महत्त्व देत नाही. या गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाहून अधिक कंट्रोल युनिटमध्ये राहते, काही बीएमडब्ल्यूंच्या तर किल्लीतसुद्धा, आणि मागे घेणारा सगळीकडे हात पोचवतोच असं नाही. जाणकार मेकॅनिकने चांगला स्कॅनर लावला तर फिल्टरमध्ये किती काजळी आहे, न जळणारी राख किती साठली, शेवटची सफाई किती किलोमीटरपूर्वी झाली, इंजेक्टर किती सांभाळून घ्यावे लागताहेत, हे बऱ्याच गाड्यांत वाचता येतं. मीटर ३५ हजार सांगतंय आणि राख दीड लाखाची, तर बोलणी तिथेच थांबवावी. सगळे फॉल्ट कोड एकजात पुसलेले असणं हेही उत्तरच आहे.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण नवी असताना ५० लाखांची गाडी आठ-नऊ वर्षांनी १२-१५ लाखांत मिळते तेव्हा उतरलेली असते फक्त गाडीची किंमत. इंजेक्टर, टर्बो आणि डीपीएफ अजूनही ५० लाखांच्या गाडीचेच असतात. ज्याचं रोजचं येणं-जाणं खरोखरच दहा-बारा किलोमीटर आहे त्याने जुनी पेट्रोल गाडी घ्यावी. तो डिझेल घेईल तर आधीच्या मालकाचाच दिनक्रम पुढे चालवेल.

दिल्ली पासिंगची गाडी हा वेगळा प्रकार. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ मध्ये कारवाईला थोडी ढील मिळाली. त्यामुळे तिथल्या चांगल्या गाड्याही इंजिनासाठी नव्हे तर वयासाठी स्वस्त होतात आणि महाराष्ट्रात येतात. महामार्गावर भरपूर चाललेली, बिलांसकट मिळाली तर असा सौदा मला इथल्या कमी चाललेल्या गाडीपेक्षा बरा वाटतो. फक्त तिथल्या आरटीओची एनओसी, कर्ज फिटल्याची नोंद आणि थकलेली चलनं व्यवहाराआधी तपासावीत, आणि नव्याने नोंदणी करताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार पुन्हा भरायचा आहे, ही रक्कम भाव ठरवतानाच धरावी.