शोधायला बायनॉक्युलर, ओळखायला स्कोप

अलास्कात डॉल मेंढ्याची शिकार करायची, तर बहुतेक भागांत नर नियमात बसावा लागतो: शिंगाचा वेढा पूर्ण झालेला, दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली किंवा वय किमान ८ वर्षं. वय शिंगावरच्या वार्षिक वलयांवरून मोजतात. लांबच्या कड्यावरच्या मेंढ्याची ही वलयं मोजणं बायनॉक्युलरच्या आवाक्याबाहेरचं. तिथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोपच हवा.

मग बायनॉक्युलर कशाला? पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. १०×४२ बायनॉक्युलरमध्ये ती ४.२ मिलिमीटर येते. ८० मिलिमीटरच्या स्कोपमध्ये ६० पट वर्धनाला जेमतेम १.३. तिन्हीसांजेला आपली बाहुली याहून कितीतरी मोठी झालेली असते, म्हणून स्कोपमधलं चित्र काळवंडतं. शिवाय दृश्याचा पट्टा अरुंद होतो आणि उन्हाने तापलेल्या हवेची थरथरही मोठी होऊन दिसते. अशा वेळी वर्धन २५-३० पटांवर आणलेलं बरं.

एकच घेणं परवडत असेल, तर आधी चांगलं बायनॉक्युलर घ्यावं. दोन्ही डोळ्यांनी तासन्‌तास डोंगर न्याहाळता येतो, आणि जनावर सापडलंच नाही तर स्कोप रोखणार कशावर? मात्र नर नियमात बसतो याची खात्री पटत नसेल, तर गोळी झाडूच नये.